लिंबू कुणी खाल्लं आणि माकली कुणाची तळली: कँटोनीज बोलीतले वाक्प्रचार शिकताना

तुम्ही लिहिलंत की हाँगकाँगला येऊन आठ महिने झाले. ॲपवर रोज अर्धा तास कँटोनीजचा अभ्यास होतो. आकडे, दिशा, भाज्यांची नावं सगळं येतं. पण दुपारी डबा खाताना ऑफिसातल्या दोघी बोलायला लागल्या की शब्द कळतात आणि अर्थ हातातून निसटतो. परवा एकीने दुसऱ्या खात्यातल्या मुलाबद्दल ‘त्याने लिंबू खाल्लं’ असं म्हटलं, सगळ्या हळहळल्या आणि तुम्ही नुसत्या बघत राहिलात. म्हणून आता दोनशे वाक्प्रचारांची अर्थासकट यादी पाठ करायला घेतली आहे आणि हा मार्ग बरा की वाईट, असं विचारलं आहे.

यादी बाजूला ठेवा. लिंबाचं आधी सांगते. ‘सिक-निङ-मुङ’ म्हणजे लिंबू खाणं. एखाद्या मुलाने मुलीला विचारलं आणि तिने नकार दिला की त्याने लिंबू खाल्लं. नकार देणारी ‘लिंबं वाटते’, त्याला ‘फाय-निङ-मुङ’ म्हणतात. हा अर्थ यादीतही मिळाला असता. पण सगळ्या हळहळल्या का, हसल्या का नाहीत, त्या मुलाच्या तोंडावर हा शब्द वापरतात की पाठीमागेच, हे यादीत नसतं, आणि तुम्हाला अडलं आहे ते तिथेच.

मी इथे एकवीस वर्षं आहे. पहिली नऊ वर्षं शाम शुई पोच्या कापडबाजारात घाऊक खरेदीचं काम केलं आणि गेली बारा वर्षं भारतातून नव्याने येणाऱ्यांना बोली कँटोनीज शिकवते. सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट अजून टोचते. आमच्या गोदामात एक वयस्कर हिशेबनीस होते. एका संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ‘मी पुन्हा मेलेली माऊ खाल्ली.’ मांजराला कँटोनीजमध्ये खरंच ‘माऊ’च म्हणतात, सूर थोडा उंच ठेवून. मला शब्द न् शब्द कळला होता. मला वाटलं ते गंमत करताहेत, म्हणून मी हसले. त्यांनी मान हलवली आणि निघून गेले. ‘सिक-सेइ-माऊ’, मेलेलं मांजर खाणं, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीचा ठपका गुपचूप आपल्या अंगावर घेणं, हे मला दोन महिन्यांनी कळलं. त्या दिवशी त्या माणसाला कुणाशी तरी बोलायचं होतं. माणसं मनातलं दुखणं कोशातल्या शब्दांत फार क्वचित सांगतात, अशाच शब्दांत सांगतात. म्हणून हा विषय मी विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यापासून शिकवते, ‘पुढचा धडा’ म्हणून मागे ठेवत नाही.

आता उच्चार, कारण उच्चार चुकला तर वाक्प्रचार ऐकूच येत नाही. मराठी माणसाला इथे मोठा फायदा आहे आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांतला हकाराचा फरक आपल्या कानात जन्मापासून आहे, आणि कँटोनीज नेमकी त्याच फरकावर उभी आहे. ब, द, ग हे घोष वर्ण मात्र तिच्यात नाहीत. हाँगकाँगच्या त्सिम शा त्सुई भागात मोदी रोड आहे. मुंबईहून आलेले पारशी व्यापारी होरमसजी मोदी, ज्यांच्या देणगीमुळे हाँगकाँग विद्यापीठ उभं राहिलं, त्यांच्या नावाचा हा रस्ता. त्याचं कँटोनीज नाव ऐका, ‘मॉ-तेइ’. द चा त झाला आहे. तुमच्या पुस्तकात जी रोमन लेखनपद्धत असेल ती बहुधा १९९३ सालची युत-फिङ असेल. तिच्यात बी, डी, जी ही अक्षरं दिसली की ती ब, द, ग वाचू नका. प, त, क वाचा. झेड दिसला की आपल्या ‘चमचा’तला दंत्य च घ्या. हिंदीभाषक विद्यार्थ्यांना हा च शिकवायला मला आठवडा लागतो, मराठी मुलांना एक मिनिट.

दुसरा फायदा ऐ आणि आय यांचा. आपण ‘कैरी’तला ‘कै’ आणि ‘काय’ हे वेगळे बोलतो. कँटोनीजमध्ये ‘कै’ म्हणजे कोंबडी आणि ‘काय’ म्हणजे रस्ता. ‘मै’ म्हणजे तांदूळ आणि ‘माय’ म्हणजे विकत घेणं. दोन्हींचा सूर, म्हणजे आवाजाचा चढ-उतार, एकच, फरक फक्त त्या स्वराचा. ‘माय-मै’, तांदूळ विकत घेणं, हे दोन शब्द मराठी तोंडातून पहिल्याच दिवशी स्वच्छ निघतात. सूर मात्र कष्टाने मिळवावे लागतात. सहा आहेत. ‘माय’ पाचव्या, खालून वर चढणाऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं आणि सहाव्या, खालच्या सपाट सुरात म्हटलं तर विकणं. बाजारात नऊ वर्षं काढल्यामुळे सांगते, हा फरक पैशात मोजला जातो.

वाक्प्रचारांत सुरांची आणखी एक खोड असते. मासा म्हणजे ‘यू’, मूळ सूर चौथा, खाली उतरणारा. पण बोलीतल्या कितीतरी जोडशब्दांत तोच ‘यू’ दुसऱ्या, वर चढणाऱ्या सुरात जातो. ॲप तुम्हाला सुटा शब्द चौथ्या सुरात शिकवतं, सहकारी तो दुसऱ्यात म्हणते आणि तुम्हाला शब्द अनोळखी वाटतो. म्हणून वाक्प्रचार नेहमी अखंड, कानाने घ्यावा. सुटे शब्द जोडून तो तयार होत नाही.

आता त्या माकलीकडे येते, कारण वर्गात मी सुरुवात तिच्यापासूनच करते. ‘छाऊ-यौ-यू’, म्हणजे स्क्विड, आपल्या कोकणातली माकली, परतणं. अर्थ, नोकरीवरून काढून टाकणं. हा अर्थ पाठ करू नका, एकदा माकली परतून बघा. साफ केलेल्या माकलीचा पांढरा सपाट तुकडा घ्या, आतल्या बाजूने सुरीने तिरप्या रेघा मारा आणि कडकडीत तापलेल्या कढईत टाका. दहा-पंधरा सेकंदांत तो तुकडा कडांकडून उचलला जातो आणि स्वतःभोवती वळत वळत गुंडाळी होऊन बसतो. जुन्या काळी दुकानांत, पेढ्यांवर राबणारे कामगार स्वतःचं अंथरूण घेऊन येत आणि तिथेच झोपत. मालकाने काढलं की सकाळी अंथरुणाची वळकटी करायची आणि चालू लागायचं. ती वळकटी आणि कढईतली माकली एकसारखी दिसते, असं इथली मंडळी सांगतात.

हे ऐकल्यावर आपल्याला काय आठवतं? गाशा गुंडाळला. गाशा म्हणजेही पसरायचं जाड कापडच. दोन भाषा, दोन समुद्रकिनारे, चित्र तेच. शिवाय आपण ‘नारळ दिला’ असंही म्हणतो, तेव्हा निरोपाची वस्तू पुढे करून न बोललेली गोष्ट सांगतो. मी विद्यार्थ्यांना नेहमी आधी विचारते की ही गोष्ट मराठीत कुठल्या चित्राने सांगाल? उत्तर सापडलं की कँटोनीज चित्र त्याच्या शेजारी जाऊन बसतं आणि परत पुसलं जात नाही. ‘छाऊ-यौ-यू म्हणजे बडतर्फी’ असं लिहिलेलं आठवड्यात विसरतं.

आणि हा वाक्प्रचार मधून फुटतो, हे लक्षात ठेवा. ‘काढून टाकलं’ असं भूतकाळात म्हणायचं तर क्रिया पूर्ण झाल्याची खूण ‘चॉ’ मध्येच शिरते आणि ‘छाऊ-चॉ-यौ-यू’ होतं. ‘मला काढलं’ म्हणायचं तर पुढे ‘पेइ-यन’ लागतं, म्हणजे लोकांकडून. घाईत तर माकली गळूनच जाते आणि ‘पेइ-यन-छाऊ’, लोकांकडून परतला गेला, एवढंच उरतं. याच्या उलट, कंटाळून स्वतःच राजीनामा दिलेला माणूस मान वर करून म्हणतो की मी मालकाची माकली परतली. तुमच्या यादीत या सगळ्या रूपांपैकी एकच असणार. म्हणून तुम्ही शंभर वाक्प्रचार पाठ केलेत तरी बोलण्यात त्यातले वीसही ओळखू येणार नाहीत. एकच घ्या, पण तो वाकवून, मोडून, अर्धवट ऐकून ओळखता आला पाहिजे.

खाण्याचं क्रियापद, ‘सिक’, याला मी सगळ्यात जास्त वेळ देते. मराठीत आपण काय काय खातो ते आठवा. मार खातो, शिव्या खातो, लाच खातो, कच खातो, डोकं खातो, कुणी भाव खातो, कुणी तुरुंगाची हवा खातो. यातला एकही घास पोटात जात नाही, तरी आपल्याला कधी अडखळायला होत नाही. कँटोनीज माणूस तसाच खातो. तुरुंगात गेलेला ‘सिक-वॉङ-का-फ़ान’, राजघरचा भात खातो. आपणही त्याला सरकारी पाहुणा म्हणतोच की. नोकरी सुटली आणि साठवलेल्या पैशांवर घर चाललंय, तर ‘सिक-कुक-चुङ’, पेरणीसाठी राखलेलं बियाणं खातोय. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला या तीन शब्दांतली भीती समजावून सांगावी लागत नाही. पत्त्यांसारख्या माहजोङच्या खेळात डाव लागला असं समजून सोंगट्या उघड्या करायच्या आणि मग कळायचं की मोजणीत चूक आहे, याला ‘सिक-चा-वू’, खोटा डाव खाणं म्हणतात. एरवी त्याचा अर्थ पेढे आधीच वाटून मोकळं होणं. आणि ज्याचं खाल्लं त्याच्यावरच उलटलेल्या माणसाला म्हणतात ‘सिक-वुन-मिन, फ़ान-वुन-तै’: वाडग्यातलं वरवरचं खातो आणि वाडग्याचा बूड उलटा करतो. आपल्याकडे खाल्ल्या घरचे वासे मोजतात. इथे छताऐवजी वाडगा, बाकी राग तोच.

साम्य इतकं असलं की एक धोकाही असतो. आपल्या भाषेतलं वळण सरसकट तिथे लावू नका. लिंबू म्हटलं की आपल्या मनात दृष्ट काढणं येतं, नाहीतर खेळातला लिंबूटिंबू. कँटोनीज लिंबाला यातलं काहीच माहीत नाही, त्याच्यात फक्त तोंड वाकडं करणारा आंबटपणा आहे. पाण्याच्या बाबतीत तर आणखी घसरायला होतं.

पाणी म्हणजे ‘सोय’. आपल्या ‘सोय’ शब्दाच्या अगदी जवळचा उच्चार, फक्त ओठ जरा गोल ठेवून आणि सूर वर चढवत. शाम शुई पोच्या नावातही हेच पाणी आहे. खऱ्या उच्चारात ते ‘सम-सोय-पोउ’, खोल पाण्याचा धक्का. मराठीत पैसा ‘पाण्यासारखा’ खर्च होतो, म्हणजे किंमत न ठेवता. पाणी सोडणं म्हणजे आशा सोडणं. आपल्याकडे या जागी पाणी म्हणजे वाहून जाणारं. कँटोनीजमध्ये पाणी म्हणजेच पैसा. पाणी म्हणजे संपत्ती ही फेंग शुईतली जुनी धारणा इथे बोलण्यात मुरलेली आहे. ‘यत-कौ-सोय’, पाण्याचा एक गोळा, म्हणजे शंभर डॉलर. ‘पॉङ-सोय’, पाणी मोजून देणं, म्हणजे पैसे टाकणं. ‘वुइ-सोय’, पाणी परत, म्हणजे पैसे परत. कार्यक्रम रद्द झाल्यावर बाहेर जमलेली गर्दी हेच ओरडत असते. घाईघाईने दारोदार पैसे गोळा करणं म्हणजे ‘फॉक-सोय’. आणि सगळ्यात देखणा ‘चू-लुङ-यप-सोय’, डुकराच्या पिंजऱ्यात पाणी शिरणं. बांबूच्या कामट्यांचा विणलेला लांबट पिंजरा, ज्यात घालून डुकरं बाजारात नेत. तो पाण्यात बुडवला तर पाणी एका तोंडाने शिरत नाही, शेकडो भोकांतून सगळीकडून घुसतं. ज्याच्याकडे चहूबाजूंनी पैसा येतोय त्याला असं म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणतात. डुकराचं नाव ऐकून शिवी समजू नका.

पण प्रत्येक पाणी म्हणजे पैसा, असा नियमही करू नका. ‘छोय-सोय’, पाण्यात फुंकर मारणं, म्हणजे गप्पा हाणणं, थापा मारणं. ‘सोय-यू’, पाण्यातला मासा असं शब्दशः, प्रत्यक्षात मऊ पाठीचं गोड्या पाण्यातलं कासव. बोलण्यात ज्याला सहज गंडवता येईल असं गिऱ्हाईक. हा शब्द मी एका कापडाच्या गाळ्यावर ऐकला. मी रेशमाचा तागा हातात घेऊन भाव विचारला, तेव्हा गल्ल्यावरचा माणूस मागे वळून मुलाला म्हणाला, ‘सोय-यू’. तोपर्यंत तो शब्द माझ्या वहीत येऊन तीन आठवडे झाले होते. मी तागा खाली ठेवला, ‘म-कोय’ म्हटलं आणि पुढच्या गाळ्यावर गेले. आपण वाक्प्रचार बोलायला शिकतो त्याच्या कितीतरी आधी ते ऐकायला उपयोगी पडायला लागतात.

यानंतर येतात अर्ध्या म्हणी, आणि इथे परक्याची खरी कसोटी लागते. त्यांना ‘हित-हौ-यू’ म्हणतात, शेपूट तोडलेलं बोलणं. म्हणीचे दोन भाग असतात: पहिला चित्र, दुसरा अर्थ. बोलणारा फक्त चित्र म्हणतो आणि थांबतो. दुसरा भाग ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा. आपणही ‘नाचता येईना’ एवढं म्हणून थांबतो, वाकडं अंगण समोरच्याला ठाऊक असतं. ‘आधीच उल्हास’ म्हटलं की फाल्गुन मास सांगावा लागत नाही. तर इथे दोघांच्या मध्ये जाऊन बसणाऱ्या, काही न उमजणाऱ्या माणसाला ‘तिन-तङ-ताम’, विजेचा दिवा, म्हणतात. का? तर शेपूट आहे ‘म-थुङ-हेइ’, हवा खेळत नाही. दिव्याची काच चारी बाजूंनी बंद. आणि हवा खेळणं याचाच दुसरा अर्थ समजूतदारपणा, वेळ ओळखून बाजूला होणं. दिवा प्रकाश देतो म्हणून हुशार माणूस असेल, असा तर्क माझ्या एका विद्यार्थ्याने केला होता. तर्क वाईट नव्हता, पण चित्र दिव्याच्या उजेडाचं नाही, काचेचं आहे.

माझी सगळ्यात आवडती अर्धी म्हण मैनेची आहे. ‘वॉङ-फेइ-श्यू-लिऊ-कॉ’, वॉङ-फेइच्या झाडावरची मैना. वॉङ-फेइ हे दक्षिण चीनमधलं पिवळसर, आंबटगोड, घोसाने लागणारं छोटं फळ. उरलेलं शेपूट ‘म-सुक-म-सिक’: ‘सुक’ नसेल तर खात नाही. ‘सुक’ म्हणजे पिकलेलं, आणि ‘सुक’ म्हणजे ओळखीचं. मैना पिकलेलंच फळ खाते, आणि हा माणूस ओळखीच्यांनाच गंडवतो. एका शब्दाच्या दोन अर्थांवर सगळी म्हण तोललेली आहे. ती भाषांतरात मरते, म्हणून भाषांतर करून पाठ करणाऱ्याला ती कधीच मिळत नाही. नातेवाइकांना गुंतवणुकीच्या योजना विकणाऱ्या माणसाबद्दल बोलताना एखादी बाई नुसतं ‘झाडावरची मैना’ म्हणते आणि चहाचा घोट घेते. तेवढं बास असतं.

शब्द टाळण्याची रीतही याच्या शेजारीच ठेवते, कारण मराठी घरात वाढलेल्याला ती आपोआप कळते. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. कँटोनीज खाटकाकडे डुकराची जीभ मागायची तर जिभेचा मूळ शब्द ‘सित’ वापरत नाहीत, कारण तोटा होण्याचा शब्दही ‘सित’च. त्याऐवजी ‘लेइ’ म्हणतात, फायद्याच्या शब्दाशी जुळणारा. यकृताचा शब्द ‘कॉन’ म्हणजे कोरडंही होतं, आणि कोरडं म्हणजे पाणी नाही, पाणी नाही म्हणजे पैसा नाही. म्हणून त्याचं नाव ओलाव्यावरून ठेवलं. रिकाम्या घराला ‘हुङ’, रिकामं, म्हणावं तर तो उच्चार अशुभाचाही आहे. म्हणून रिकाम्या घराला उलट ‘कत’, शुभ, म्हणतात, आणि भाड्याने द्यायच्या जागेला ‘कत-उक’, शुभ घर. गंमत पुढे आहे. शुभ हा शब्द रिकाम्या जागेसाठी इतका रुळला की आता त्याचा अर्थच ‘काही नाही’ असा झाला. भरपूर मेहनत केली आणि हाती भोपळा आला तर ‘तक-कॉ-कत’, एक शुभ मिळालं! हा धागा हातात धरला की चार शब्द एकाच गाठीत येतात.

रोजच्या सरावासाठी ‘छा-छान-थेङ’, म्हणजे इथली चहा-जेवणाची खानावळ, यासारखी शाळा नाही. ‘चौ’ म्हणजे पळणं. बर्फ नको तर ‘चौ-पिङ’, बर्फ पळवा. काळी कॉफी हवी, साखर-दूध काही नको, तर ‘फ़ेइ-सा-चौ-नाय’: वाळू उडू दे, दूध पळू दे. सोसाट्याच्या वाऱ्यात वाळू उडते आणि दगड गडगडतात, अशा अर्थाचा जुना चार अक्षरी शब्दप्रयोग आहे, त्यातले दगड काढून तिथे दूध घातलं आहे. वाळू म्हणजे साखर. वेटर आत ओरडतो ‘लेङ-चै’, देखणा मुलगा, आणि साध्या पांढऱ्या भाताचा वाडगा बाहेर येतो. ‘लेङ-नोय’, सुंदर मुलगी, ही साधी पेज. गर्दीच्या वेळी तिथे प्रश्न विचारू नका, माणसं कामात असतात. दुपारी तीननंतर जा, एकच पेय मागवा आणि कान उघडे ठेवून बसा.

हेच ‘चौ’ मग बाहेरही भेटतं. ‘चौ-कै’, कोंबडी पळाली, म्हणजे संधी हुकली. इंग्रजीतून आलेले शब्दही इथे वेष बदलून राहतात. परीक्षेत नापास होणं म्हणजे ‘फ़ेइ-लोउ’, शब्दशः जाडा माणूस. खरं तर तो ‘फेल’चा उच्चार आहे. अशा ठिकाणी चित्र शोधत बसलात तर वेळ वाया जाईल. आणि उगमाच्या सुरस कथा सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या लक्षात ठेवायला जरूर वापरा, इतिहास म्हणून दुसऱ्याला सांगू नका. माकलीची वळकटी मी याच अटीवर तुम्हाला सांगितली आहे.

कुणाशी काय बोलावं याबद्दल मी कडक आहे. ‘फुक-काय’ हा शब्द तुम्हाला दिवसातून दहा वेळा ऐकू येईल. शब्दशः रस्त्यावर पालथं पडणं. तोच ‘काय’, रस्ता. बस चुकली की तरुण मुलं स्वतःशीच म्हणतात, मित्र मित्राला हसत म्हणतो. पण ती शिवी आहे, आणि परक्या माणसाच्या तोंडून ती कितीतरी जड होऊन बाहेर पडते. ओळखा, वापरू नका. ‘छात-हाय’, बूट पुसणं, म्हणजे वरिष्ठांची खुशामत, हा शब्द ऑफिसात कुणाच्याही नावाला जोडून तुम्ही बोलू नका, सगळे बोलत असले तरी. ‘लिंबू खाल्लं’ हे त्या मुलाच्या जवळच्या मित्राने म्हणावं. आठ महिन्यांच्या ओळखीवर तुम्ही नाही. याउलट ‘का-यौ’, तेल घाला, हे कुणालाही, कधीही म्हणा. परीक्षेला निघालेला, आजारी, थकलेला, शर्यतीत धावणारा, सगळ्यांना चालतं. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशानेही त्याचा शब्दशः इंग्रजी अवतार आत घेतला.

आता करायचं काय. एक छोटी वही घ्या, मोबाइल नको. एका पानावर एकच वाक्प्रचार, आणि तोही तुम्ही माणसाच्या तोंडून ऐकलेला. पुस्तकातला, ॲपवरचा नाही. वर तो देवनागरीत लिहा, शेजारी सुरांचे आकडे. देवनागरी आपल्या कामाला रोमनपेक्षा जास्त येते, मी अजून तशीच लिहिते. इंग्रजी ‘एफ’चा फ तेवढा खाली नुक्ता देऊन वेगळा ठेवा. त्याखाली पूर्ण वाक्य, जसं ऐकलं तसं. मग कोण कुणाला म्हणालं, कुठे, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा कसा झाला. चेहऱ्याची ओळ टाळू नका, पुढे तीच सगळ्यात उपयोगी पडते. त्याच्याखाली जवळचा मराठी वाक्प्रचार, आणि तो जिथे जुळत नाही ती जागा. अर्थ सर्वांत शेवटी. आठवड्याला दोन पानं पुष्कळ झाली.

विचारायला दोनच वाक्यं लागतात. ‘है-मे-यी-सी?’, याचा अर्थ काय? आणि ‘तिम-काय?’, का बरं? वयस्कर माणसांना दुसरा प्रश्न विचारा, ती खुलतात. तरुणांना पहिला विचारा, त्यांना उगम माहीत नसतो पण आज कोण वापरतं हे नेमकं माहीत असतं. माझ्या वहीतल्या निम्म्या म्हणी भाजीवाल्या आणि इमारतीच्या रखवालदारांकडून आल्या आहेत. क्वालालंपूरची किंवा ग्वांगझोची सहकारी असेल तर तिला वेगळं विचारा. भाषा तीच असली तरी तिथले काही वाक्प्रचार इथे चालत नाहीत आणि इथले तिथे. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या एका व्यंगचित्रकाराने एकाच मोठ्या चित्रात ८१ कँटोनीज म्हणी जशाच्या तशा काढल्या होत्या. ते मिळालं तर भिंतीवर लावा, आणि जेवढ्या म्हणी बाहेर ऐकू येतील तेवढ्याच त्यात शोधा.

पहिले सहा महिने फक्त ओळखायचं. वापरायला सुरुवात कराल तेव्हा स्वतःबद्दल वापरा, दुसऱ्याबद्दल नको. ‘माझी कोंबडी पळाली’ म्हणालात तर कुणी दुखावत नाही आणि सूर चुकला तर समोरची व्यक्ती प्रेमाने सुधारते. ते हिशेबनीस निवृत्त होण्याआधी एकदा माझ्याकडून मालाच्या नोंदीत चूक झाली होती, आणि ठपका पुन्हा त्यांच्यावर येणार होता. मी वरिष्ठांकडे जाऊन माझी चूक सांगितली. बाहेर आल्यावर त्यांना म्हटलं, ‘ही माऊ तुमची नाही.’ सूर बहुधा बरोबर लागला असावा. ते काही बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर वॉङ-फेइचा एक घोस ठेवलेला होता.

तुमच्या वहीचं पहिलं पान लिंबाचं ठेवा. कोण कुणाला म्हणालं आणि सगळ्या हळहळल्या ते तुम्ही स्वतः पाहिलं आहे, म्हणजे पान जवळजवळ भरलंच आहे. सुरांचे आकडे ६, ४, १. दुसरं पान भरलं की मला कळवा.